इंग्लंडमधले म्हातारे ओक: पहिल्यांदाच बघायला निघालेल्यांसाठी

विंडसरला येणारा मराठी माणूस किल्ला बघतो, पहारा बदलतानाची परेड बघतो, थेम्सच्या काठावर फोटो काढतो आणि संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततो. त्याच किल्ल्याच्या दक्षिणेला विंडसर ग्रेट पार्क पसरलेला आहे. तिथे, विशेषतः क्रॅनबर्नच्या बाजूला, असे काही ओक उभे आहेत की त्यांचं वय आठ-नऊशे वर्षं किंवा त्याहूनही जास्त मानलं जातं. तिकीट नाही, रांग नाही. तरी तिकडे आपली माणसं फारशी फिरकत नाहीत, कारण तिथे बघण्यासारखं काही आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आईवडील, शिकायला आलेली मुलंमुली, नोकरीच्या निमित्ताने स्लाउ, हॅरो, मिल्टन कीन्सकडे स्थिरावलेली कुटुंबं, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. झाडांची माहिती आधीपासून असायला हवी असं काही नाही. एक प्रश्न मात्र सोबत न्या: हे झाड इथे अजून उरलंय कसं? हजार वर्षं झाड आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते राखलेलं असतं, किंवा तोडायचा हक्क कोणा एकाकडे नसतो, किंवा तोडून हाती काही लागणार नसतं. हे कारण शोधायची सवय लागली की प्रत्येक म्हातारं झाड वेगळं दिसायला लागतं.

आधी ओक ओळखायला शिका

सह्याद्रीत ओक नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांना त्याची सवय नसते. उत्तराखंडात ट्रेक केलेल्यांनी बांज पाहिलेला असतो. तोही ओकच, पण सदाहरित आणि करवती कडांच्या पानांचा. इंग्लंडचा ओक हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतो आणि त्याच्या पानांच्या कडांना गोलसर खाचा असतात. एकदा पाहिलं की ते पान विसरत नाही. फळ म्हणजे एकॉर्न: छोट्या खरबरीत वाटीत बसलेलं, हिरवं, पिकल्यावर तपकिरी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडाखाली सडा पडतो.

इथले मूळचे ओक दोन. एकाचं फळ लांब देठावर लोंबतं आणि पानाला देठ जवळपास नसतोच, तो इंग्लिश ओक. दुसऱ्याचं उलटं: फळ डहाळीला चिकटलेलं आणि पानाला स्पष्ट देठ, तो सेसाइल ओक. हा दुसरा वेल्समध्ये आणि पश्चिम-उत्तरेच्या डोंगराळ भागात जास्त भेटतो. दोघांचा संकरही सर्रास होतो, त्यामुळे एखादं झाड दोन्हीकडे बसत नसेल तर डोकं शिणवू नका. लंडनच्या आसपासच्या मोठमोठ्या बागांमध्ये जे महाकाय ओक दिसतात ते बहुतेक इंग्लिश ओकच असतात.

कुठून सुरुवात करायची

पहिल्या फेरीसाठी माझी शिफारस रिचमंड पार्कची. डिस्ट्रिक्ट लाइनने रिचमंडला उतरायचं, तिथून बसने किंवा चालत टेकडी चढून रिचमंड गेट गाठायचं. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली शिकारीसाठी या जागेला भिंत घातली. भिंतीच्या आत सापडलेले कित्येक ओक तेव्हाच जुने होते. आज इथे तेराशेच्या आसपास जीर्ण झाडं आहेत आणि त्यातल्या 'रॉयल ओक'चं वय सुमारे साडेसातशे वर्षं सांगतात. पण त्या एकाच झाडाच्या मागे धावू नका. पाऊलवाट सोडून गवतातून थोडं आत गेलात की नाव नसलेले पण तेवढेच देखणे ओक भेटतात, आणि तिथे तुमच्याशिवाय कोणी नसतं.

स्लाउला राहणाऱ्यांना तर बर्नहॅम बीचेस अगदी शेजारी आहे. हे जंगल १८८० साली सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने विकत घेतलं ते लोकांना कायमचं फिरता यावं म्हणून. नावाप्रमाणे इथे मुख्य झाडं बीचची, पण 'ड्रुइड्स ओक' नावाचा सुमारे आठशे वर्षांचा एक ओकही इथे आहे. कुंपणाबाहेरूनच बघावा लागतो, तरी चुकवू नये. पूर्व लंडनवाल्यांना एपिंग फॉरेस्ट. या तिन्ही ठिकाणी ओळखीची झाडं झाली की मग विंडसर, आणि त्यानंतर लांबचे पल्ले.

घराजवळचं झाड शोधायचं असेल तर झाडं राखणाऱ्या वुडलँड ट्रस्ट या संस्थेची 'एन्शंट ट्री इन्व्हेंटरी' बघा. २००४ पासून स्वयंसेवकांनी मिळून देशभरातल्या लाखाहून जास्त जुन्या झाडांची नोंद केलेला हा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. आपला पिनकोड टाकायचा, की आसपासची झाडं, त्यांचा घेर, ती लोकांना बघता येतात की खासगी आवारात आहेत, सगळं समोर येतं. बरेचदा रोजच्या रस्त्यावरच्या चर्चच्या आवारात काहीतरी निघतं.

कधी जायचं आणि काय न्यायचं

सगळे उन्हाळ्यात जातात. मी हिवाळा सुचवेन. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पानं नसतात आणि झाडाची खरी ठेवण तेव्हाच कळते: कुठली फांदी कधी तुटली, कुठून नवी फुटली, शेंडा कुठे संपला, ढोली किती खोल आहे. दुपारी तीनच्या सुमाराचं तिरपं ऊन बुंध्यावर पडलं की सालीतली प्रत्येक भेग उठून दिसते. चारनंतर अंधारतं, त्यामुळे सकाळीच निघा.

आईवडील उन्हाळ्यातच येतात हे खरं. तेव्हा जायला काहीच हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळा. मे ते जुलैमध्ये लंडन आणि आसपासच्या ओकांवर 'ओक प्रोसेशनरी मॉथ'च्या अळ्या असतात. खोडावरून एकीमागे एक रांगेने चालतात, खोडाला-फांद्यांना चिकटलेली त्यांची पांढरट रेशमी घरटी दिसतात. त्यांच्या बारीक केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते, डोळ्यांना आणि श्वासाला त्रास होतो. मुलांना हात लावू देऊ नका, घरट्याखाली बसू नका. दुसरी गोष्ट गोचीड. उंच गवतातून चालताना पॅन्ट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर सगळ्यांचे पाय तपासा, कारण इथल्या गोचिडींपासून लाइम रोग होऊ शकतो. तिसरी गोष्ट हरणं. रिचमंड पार्कात सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यापासून किमान ५० मीटर लांब राहायचं. मे ते जुलैमध्ये पाडसं असलेल्या माद्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर आलेले नर अंगावर येतात.

सोबत चिखलात चालतील असे बूट, पाणी, एक लांब कापडी टेप किंवा दहा-बारा मीटर सुतळी, पेन्सिल आणि वही. दुर्बीण असेल तर न्या. वारा जोरात असेल त्या दिवशी जाऊ नका. आणि कडक, बिनवाऱ्याच्या दुपारी म्हाताऱ्या ओकाच्या किंवा बीचच्या मोठ्या फांदीखाली डबा उघडून बसू नका. अशा शांत दुपारीही भली मोठी फांदी काहीही सूचना न देता कोसळू शकते. सतरंजी फांद्यांच्या पसाऱ्याबाहेर टाका, तिथून झाडही पूर्ण दिसतं.

झाडापाशी पोहोचल्यावर: आधी लांबून

पहिली दहा मिनिटं झाडाजवळ जाऊ नका. साधारण झाडाच्या उंचीइतकं अंतर ठेवून त्याला एक पूर्ण फेरी मारा.

तरुण ओक उंच, घुमटाकार असतो. म्हातारा ओक बुटका आणि रुंद. पहिल्यांदा बघणाऱ्याला इथेच निराशा वाटू शकते, कारण आपण हजार वर्षांचं झाड म्हणजे आभाळाला टेकलेलं काहीतरी अशी कल्पना करून आलेलो असतो. वरच्या बाजूला हिरव्या पालवीतून बाहेर आलेल्या कोरड्या, पांढुरक्या फांद्या दिसतील. इंग्रज त्यांना हरणाच्या शिंगांची उपमा देतात. शेंडा वाळलाय म्हणजे झाड मरायला टेकलंय असं कोणालाही वाटेल. तसं नसतं. खूप उंचीपर्यंत पाणी चढवणं महाग पडायला लागलं की ओक आपला पसारा आवरतो: वरचा भाग सोडून देतो आणि खाली, बुंध्याजवळ नवा, आटोपशीर डेरा धरतो. याच अवस्थेत तो पुढची दोन-तीनशे वर्षं सहज काढू शकतो. ओक तीनशे वर्षं वाढतो, तीनशे वर्षं जगतो आणि तीनशे वर्षं मरतो, असं इथे पूर्वापार म्हणतात. त्यातला तिसरा टप्पाच बघायला आपण आलेलो असतो आणि तो सगळ्यांत गजबजलेला टप्पा आहे.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट बघा. जमिनीपासून दोन-तीन मीटरवर खोड एकदम जाड होऊन तिथूनच सगळ्या फांद्या एका पातळीवर फुटल्या आहेत का? तसं असेल तर ते झाड 'पोलार्ड' आहे. म्हणजे पूर्वी कित्येक पिढ्या माणसं त्या उंचीवर फांद्या तोडत आली, दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पुन्हा. जळणाला, कुंपणाला, गुरांच्या चाऱ्याला. कोकणात राबासाठी ऐन-किंजळाची कवळं तोडतात आणि झाड तसंच उभं ठेवतात, तोच हा प्रकार. दोन-तीन मीटर एवढ्यासाठी की नवे कोंब हरणांच्या आणि गुरांच्या तोंडाला लागू नयेत. या तोडीने झाडाचं आयुष्य वाढतं, कारण वरचा भार वाढत नाही आणि वाऱ्याला धरायला मोठी शिडं उरत नाहीत. इंग्लंडमधले सर्वांत जुने ओक बघितले तर त्यात पोलार्ड फार मोठ्या संख्येने निघतात. ते योगायोगाने नाही.

मग जवळून

आता बुंध्यापाशी या. हात लावायला हरकत नाही, मुळांवर मात्र नाचू नका.

सालीच्या भेगा उभ्या आणि खोल असतात, मोठ्या झाडावर बोटाचं पेर सहज आत जातं. उत्तरेच्या अंगाला शेवाळ आणि करडं दगडफूल, दक्षिणेला साल कोरडी. बुंध्यावर मोठमोठ्या गाठी दिसतील, त्यांतून बारीक काटक्यांचे झुबके फुटलेले असतात. या सुप्त डोळ्यांमधूनच झाड म्हातारपणी नवा डेरा धरतं.

ढोली असेल तर तिच्या तोंडाशी बसा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. आतलं लाकूड तांबूस तपकिरी झालेलं असतं, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे सुटत असतात. बोटात धरला तर तुकड्याची भुकटी होते. हे काम बुरशीचं. ओकाच्या गाभ्यावर जगणाऱ्या दोन बुरशी नव्या माणसालाही ओळखता येतात. एक उन्हाळ्याच्या शेवटी बुंध्याच्या तळाशी येते, तांबडी, मांसल, दाबली की लाल रस सोडणारी. तिला इथे 'बीफस्टेक' म्हणतात. दुसरी भडक पिवळी, एकावर एक फळ्या लावल्यासारखी, तिचं नाव 'चिकन ऑफ द वुड्स'. नावं ऐकून तोडून घरी नेऊ नका, ती तिथेच शोभतात.

ही बुरशी झाडाला मारत नाही. खोडाचा गाभा मुळात मृत लाकूड असतो. जिवंत भाग म्हणजे सालीच्या आतला पातळ थर, पाणी आणि अन्न त्यातूनच वाहतं. बुरशीने गाभा खाल्ला की त्यात अडकून पडलेली पोषकद्रव्यं मोकळी होतात आणि काही ओक तर स्वतःच्याच ढोलीत आतून मुळं सोडून ती परत शोषून घेतात. आणि पोकळ नळा वाऱ्यात पुरेसा मजबूत असतो. म्हणून ढोली दिसली की हळहळ करू नका. पाचशे वर्षांच्या पुढचा ओक पोकळ नसेल तर ते नवल.

या पोकळीत आणि वाळक्या फांद्यांत कोण राहतं ते बघायला एक अख्खा दिवस पुरणार नाही. ब्रिटनमधल्या ओकांवर जगणाऱ्या किंवा त्यांचा उपयोग करणाऱ्या २,३०० च्या आसपास जीवजाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या ३२६ ओकावाचून जगूच शकत नाहीत. घुबडं, वटवाघळं, सुतारपक्षी हे दिसणारे; खरी गर्दी भुंग्यांची, कोळ्यांची आणि दगडफुलांची. रिचमंड पार्कात पडलेले ओंडके उचलत नाहीत ते 'स्टॅग बीटल'साठी: शिंगांसारखे जबडे असलेला हा मोठा भुंगा अळीच्या रूपात कुजत्या लाकडात कित्येक वर्षं काढतो आणि मग एका उन्हाळ्यापुरता बाहेर येतो. तेव्हा सजावटीला म्हणूनसुद्धा लाकूड घरी आणायचं नाही. ढोलीत टॉर्चचा झोत मारायचा नाही, काठी घालायची नाही. वटवाघळांना इथे कायद्याचं संरक्षण आहे.

पानांच्या मागे किंवा डहाळीवर गोल, कडक, तपकिरी गोळ्या दिसल्या तर ते फळ नव्हे. बारीक गांधीलमाशी अंडं घालते तेव्हा ओकच अंड्याभोवती ही गाठ वाढवतो. या गाठी आणि लोहाचे क्षार मिळून युरोपात शतकानुशतकं शाई बनत होती. मध्ययुगातले दस्तऐवज त्याच शाईत लिहिलेले आहेत.

घेर मोजा

वयाचा अंदाज घ्यायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घेर. इथल्या पद्धतीत जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजतात. उतार असेल तर वरच्या बाजूने दीड मीटर. त्या उंचीवर नेमकी गाठ आली तर तिच्या खाली, जिथे खोड सर्वांत बारीक आहे तिथे मोजा आणि वहीत उंची लिहून ठेवा. शिंप्याची टेप पुरणार नाही. टेप नसेल तर मिठी मारा: मोठ्या माणसाची एक मिठी म्हणजे साधारण दीड मीटर. मुलांना हा भाग फार आवडतो, सगळ्यांनी हात धरून झाडाला वेढा घालायचा आणि मोजायचं.

तीन मिठ्यांचा ओक दिसला की थांबून बघावा. चार मिठ्या, म्हणजे सहा मीटर झाला की बहुधा चारशे वर्षांच्या पुढचा. एक जुना ठोकताळा असा की मोकळ्या जागेतल्या झाडाचा घेर वर्षाला अडीच सेंटिमीटर वाढतो, दाट जंगलात त्याच्या निम्मा. मध्यमवयीन झाडांना तो लागू पडतो. म्हाताऱ्यांना पडत नाही, कारण डेरा आवरल्यावर वाढ अगदी मंदावते. पाच मीटरच्या ओकाला या हिशेबाने दोनशे वर्षं मिळतील, प्रत्यक्षात तो कितीतरी जुना असू शकतो. पोकळ झाडात वर्तुळं मोजायला गाभाच उरलेला नसतो. त्यामुळे हजार वर्षांची पाटी वाचली की तो अंदाज समजावा. मला तरी वयाच्या आकड्यापेक्षा घेराचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. तो आपण स्वतः मोजलेला असतो.

ते उरलं कसं, याचा माग काढा

इंग्लंडमध्ये नऊ मीटरपेक्षा जास्त घेराचे शंभरावर ओक आहेत. युरोपात दुसऱ्या कुठल्याही देशात एवढे नाहीत. हवा, माती फ्रान्स-जर्मनीतही चांगली आहे. फरक पडला तो जमिनीच्या मालकीने. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि त्यांनी शिकारीसाठी राखीव रानं आणि हरणांची कुंपणं केली. १३०० च्या सुमाराला अशी सुमारे ३,००० 'डिअर पार्क' इंग्लंडात होती. हरणांना सावली आणि एकॉर्न हवेत, म्हणून मोकळ्या कुरणात सुटे ओक राखले गेले. पुढे ही जमीन त्याच-त्याच घराण्यांकडे किंवा राजाकडे राहिली. ऑक्सफर्डजवळ ब्लेनहाइमच्या आवारातलं हाय पार्क हे याचं ठळक उदाहरण: बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीचं शिकारीचं रान, आणि आज युरोपातल्या सर्वांत मोठ्या प्राचीन ओकांच्या समूहांपैकी एक.

दुसरं कारण हक्काचं. सामायिक कुरणांवर अनेक ठिकाणी खोड जमीनदाराचं आणि फांद्या तोडायचा हक्क गावकऱ्यांचा असे. जमीनदाराला झाड पाडायचं असेल तर गावकऱ्यांचं जळण जाई आणि गाव विरोधाला उभं राही. एपिंगला हाच संघर्ष होऊन १८७८ चा कायदा झाला आणि जंगल वाचलं.

तिसरं कारण ढोलीचं. 'एचएमएस व्हिक्टरी' या एका युद्धनौकेला सुमारे ६,००० झाडं लागली, त्यातली बहुतेक ओक. नौदलाची नजर अशी असताना जे उरले ते पोकळ होते म्हणून. पोकळ खोडातून फळी निघत नाही.

तेव्हा एखाद्या झाडापाशी उभं राहून आजूबाजूला बघा. जवळ जुनी भिंत किंवा मातीचा बांध आहे का? बांधावर झाड असेल तर ते बहुधा हद्दीचं झाड. झाडं सुटी-सुटी आणि मधे गवत असेल तर ते चराऊ रान. पोलार्डांच्या फांद्या फार जाड झाल्या असतील तर तिथली तोड दीड-दोनशे वर्षांपूर्वी थांबली, म्हणजे जळणाच्या लाकडाच्या जागी दगडी कोळसा आला. आणि उत्तर सापडलं नाही तर गावाच्या ग्रंथालयात जुना नकाशा मागा. लोक आनंदाने मदत करतात.

लांबचे पल्ले

नॉटिंगहॅमशरमध्ये एडविन्स्टोजवळ शेरवुड फॉरेस्टमधला 'मेजर ओक' सर्वांत प्रसिद्ध. घेर जवळपास ११ मीटर, वय आठशे ते हजार किंवा जास्त. १७९० मध्ये मेजर हेमन रूक यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यावरून हे नाव. रॉबिन हुडची गोष्ट लोक सांगतातच. पण तिथे मी मुलांना दुसरी गोष्ट सांगेन. हे झाड बघायला इतके लोक आले की त्यांच्या पावलांनी मुळांवरची माती दगडासारखी घट्ट झाली आणि पाणी खाली मुरेना. म्हणून १९७० च्या दशकात भोवती कुंपण आलं. फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत. कुंपणाबाहेरूनच बघायचं, आणि ज्या झाडाला कुंपण नाही तिथेही आपण होऊन मुळांवरची ये-जा कमीच ठेवायची, ती याचसाठी.

लिंकनशरमध्ये बोर्नजवळचा 'बोथॉर्प ओक' मला त्याहून मोठा ऐवज वाटतो. घेर १२ मीटरच्या पुढे, आत एवढी पोकळी की अठराव्या शतकात तिथे जमीन करून, बाकं टाकून, दार बसवून जेवणावळी होत. झाड खासगी शेतात आहे, त्यामुळे आधी विचारून जा. तिथून गाडीने जवळच ग्रँथमच्या बाजूला न्यूटनचं घर, वूल्सथॉर्प मॅनर, आहे. न्यूटनचं म्हणून ओळखलं जाणारं सफरचंदाचं झाड १८२० च्या वादळात उन्मळून पडलं, पडल्या जागी त्याने पुन्हा मूळ धरलं आणि आजही ते फळतं. पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात याच झाडाची कलमं लावली होती, हे पुणेकरांना आठवत असेल. दोन्ही झाडं एका दिवसात होतात.

'रॉयल ओक' नावाचे पब गावोगाव दिसतात आणि लंडनमध्ये त्या नावाचं ट्यूब स्टेशनही आहे. त्यामागची कथा श्रॉपशरमधल्या बोस्कोबेलची: वुस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स ६ सप्टेंबर १६५१ चा दिवस तिथल्या एका ओकात लपून होता आणि खाली शत्रूचे शिपाई त्याला शोधत होते. तिथे आज उभा आहे तो मूळ ओकाचा वंशज. मूळ झाड आठवण म्हणून फांद्या तोडून नेणाऱ्यांनीच संपवलं.

ओकाव्यतिरिक्त एक झाड तरी बघाच: यू. सदाहरित, काळपट हिरवं, जुन्या चर्चच्या आवारात हमखास. हीथ्रोजवळ रेजबरीच्या बाजूने थेम्सच्या काठावर 'अँकरविक यू' आहे. १२१५ साली मॅग्ना कार्टा ही राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद ज्या रनीमीडच्या कुरणात मान्य झाली ते नदीच्या पलीकडे. तेव्हाही हे झाड जुनंच होतं, आज त्याचं वय चौदाशे ते अडीच हजार वर्षांच्या दरम्यान धरतात. लहान मुलं सोबत असतील तर एक सांगून ठेवा: यूची पानं आणि बिया विषारी असतात, लाल फळं तोंडात घालायची नाहीत.

नोंद करून ठेवा

जुन्या इमारतीला मिळतं तसं आपोआप संरक्षण इथे जुन्या झाडाला नाही. झाड कायद्याने राखलं जातं ते मुख्यतः स्थानिक कौन्सिलने त्यासाठी 'ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर' काढली असेल तर. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर लंडनच्या एन्फील्डमध्ये व्हाइटवेब्स पार्कच्या कडेचा सुमारे पाचशे वर्षांचा एक ओक तोडला गेला तेव्हा हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. उत्तर इंग्लंडमधल्या रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळचा 'सिकमोर गॅप'चा वृक्ष २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रातोरात कापला गेला, त्यासाठी दोघांना तुरुंगवास झाला. पण झाड गेलं ते गेलं. त्यामुळे झाड कोणाच्या तरी नोंदीत असणं महत्त्वाचं आहे आणि ती नोंद तुम्हीही करू शकता, इथलं नागरिक असायची अट नाही.

फिरताना चार मिठ्यांचा ओक सापडला की आधी 'एन्शंट ट्री इन्व्हेंटरी'च्या नकाशावर तो आहे का बघा. नसेल तर खातं उघडा, जागा नकाशावर दाखवा, घेर आणि तो कुठल्या उंचीवर मोजला ते लिहा, पोलार्ड आहे का, ढोली आहे का, शेंडा वाळला आहे का याच्या खुणा करा आणि दोन फोटो जोडा: एक पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा. बुंध्याच्या फोटोत शेजारी माणूस उभा असला की आकार कळतो. झाड खासगी आवारात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊन मोजू नका, रस्त्यावरून अंदाज घेऊन 'अंदाजे' असं लिहा. काही दिवसांनी त्या भागातला एखादा प्रशिक्षित स्वयंसेवक प्रत्यक्ष जाऊन झाड बघतो, मोजमाप पुन्हा घेतो आणि मग तुमची नोंद पक्की होते.